गरवं वाण

कार्तिकात मार्गासनीच्या शिवारात सकाळी पाय मोकळे करायला निघालं, की वरच्या अंगाची खाचरं मोकळी झालेली दिसतात. तिथलं हळवं भात कापून, झोडून कणगीत गेलेलं असतं. मागे धसकटं उरतात आणि त्यांत किडे टिपणारे बगळे. खाली गुंजवणीच्या बाजूला मात्र गरवं भात अजून उभं. लोंब्या वाकल्यात, पण देठातली हिरवट झाक गेलेली नाही. एवढ्यात स्वारगेटहून निघालेली वेल्ह्याची एसटी फाट्यावर थांबते, पाठीवर पिशव्या अडकवलेली पोरं उतरतात, घाईघाईने चहा घेतात आणि साखर-गुंजवण्याच्या रस्त्याने राजगडाकडे सुटतात. ऊन चढायच्या आत त्यांना चोरदरवाजा गाठायचा असतो.

शेतकऱ्याला हळवं आणि गरवं दोन्ही लागतं. हळवं लवकर हाती येतं, दिवाळीला घरात नवा तांदूळ होतो. गरव्याचं तसं नाही. त्याला पाणी धरणारं खालचं खाचर लागतं, शाबूत बांध लागतो, आणि हळव्यावाल्यांचं सगळं आवरल्यावरही रानडुकरांची राखण चालू ठेवावी लागते. एवढा खटाटोप माणूस करतो, कारण गरव्याचा उतारा चांगला.

माणसाच्या मेंदूच्या उत्क्रांतीमागची जनुकं शोधणाऱ्यांनी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे हाती आणलं आहे, ते वाचत गेलो तसा माझा एक ग्रह पक्का होत गेला. आपला मेंदू हे गरवं वाण आहे. लोक शोधायला निघाले होते हुशारीचं जनुक. हाताला लागली ती बहुतेक जनुकं काम लांबवणारी, पेशीला ‘अजून थोडं थांब’ असं सांगणारी.

आधी एक जुना अहंकार बाजूला ठेवायला हवा. माणसात प्रथिनं घडवणारी जनुकं आहेत सुमारे २० हजार. २००५ साली भाताचा संपूर्ण जनुकीय आराखडा जाहीर झाला, त्या कामात भारतीय शास्त्रज्ञही होते. त्यात भाताची जनुकं भरली सुमारे ३७ हजार. म्हणजे या खाचरात उभ्या असलेल्या प्रत्येक रोपाकडे, जनुकांची नुसती मोजदाद केली, तर आपल्यापेक्षा जास्त ऐवज आहे. चिंपांझीशी तुलना केली तर आपला फरक अक्षराअक्षरांच्या पातळीवर जेमतेम सव्वा टक्का. दोघांचे पूर्वज वेगळे झाले साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी. त्याचा मेंदू ४०० ग्रॅमच्या आसपास, आपला १३०० ते १४०० ग्रॅम. एवढ्याशा फरकात एवढी मजल कशी मारली, हा खरा प्रश्न.

पहिलं ठळक उत्तर २००६ मध्ये आलं. कॅलिफोर्नियातल्या कॅथरीन पोलार्ड यांनी संगणकाला विचारलं, की इतर प्राण्यांत कोट्यवधी वर्षं जवळजवळ न बदललेला, पण माणसात झपाट्याने बदललेला भाग दाखव. यादीत सगळ्यात वर आला तो ११८ अक्षरांचा एक तुकडा, त्याला नाव दिलं हार-१. कोंबडी आणि चिंपांझी यांच्यात या तुकड्यात फरक दोन अक्षरांचा. चिंपांझी आणि माणूस यांच्यात अठरा. हा तुकडा प्रथिन बनवत नाही. पण गर्भाच्या सातव्या ते एकोणिसाव्या आठवड्यात, मेंदूची साल रचणाऱ्या पेशींत तो जागा असतो. म्हणजे बाईला पोटातलं मूल हलल्याचं कळतं न कळतं, तोवर याची पाळी जवळपास संपलेली असते.

पण हार-१ नेमकं काय करतं, हे सांगणं अवघड. त्याहून बोलकी गोष्ट आहे नक्कल झालेल्या जनुकांची. पेशी आपल्या जनुकसंचाची नक्कल करताना कधी कधी एखादा उतारा दोनदा लिहून जाते. शाळेच्या वहीत ही चूक ठरली असती. इथे मात्र मूळ जनुक आपलं काम करत राहतं आणि जादा प्रत मोकळी राहते, तिच्यावर वाटेल ते प्रयोग होऊ शकतात. साधारण ५० लाख वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांत अशीच एका जनुकाची अर्धवट प्रत झाली. पुढे तिच्यात एका ठिकाणी ‘सी’ या अक्षराच्या जागी ‘जी’ आलं, आणि त्या एका अक्षराने सगळा सूर पालटला. हे जनुक म्हणजे एआरएचगॅप११बी. चिंपांझीकडे ते नाही. आपल्या नामशेष झालेल्या भाऊबंदाकडे, निअँडरथल मानवाकडे, होतं.

ते काय करतं, हे जर्मनीत ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत मार्टा फ्लोरिओ आणि वीलंड हुटनर यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं. गर्भातल्या मेंदूच्या मूलपेशीपुढे दर वेळी दोन वाटा असतात. एक तर न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, होऊन कामाला लागायचं, नाहीतर विभागून आणखी मूलपेशी करायच्या. न्यूरॉन झालेली पेशी पुन्हा कधी विभागत नाही, तिचा वंश तिथे संपतो. त्यामुळे जी मूलपेशी न्यूरॉन व्हायचं लांबणीवर टाकते, तिच्या मागे शेवटी न्यूरॉनांची रास उभी राहते. एआरएचगॅप११बी पेशींना हे लांबणीवर टाकायला लावतं. उंदराच्या गर्भात ते घातलं तर त्याच्या एरवी गुळगुळीत असलेल्या मेंदूवर कुठे कुठे वळ्या पडल्या. २०२० मध्ये याच गटाने जपानी सहकाऱ्यांबरोबर मार्मोसेट या चिमुकल्या माकडाच्या गर्भात ते घातलं. मेंदूची साल मोठी झाली, तिला घड्या पडल्या. ते गर्भ जन्माला येऊ द्यायचे नाहीत, हे आधीच ठरलं होतं, आणि शंभरेक दिवसांवर प्रयोग थांबवला. मला त्या प्रयोगाइतकंच ते थांबणं महत्त्वाचं वाटतं. जन्माला आलं असतं तर त्या पिल्लाला आपण काय म्हणणार होतो?

दुसरं असंच जनुक नॉच२एनएल, २०१८ मध्ये कॅलिफोर्निया आणि ब्रसेल्समधल्या दोन गटांनी एकाच वेळी पुढे आणलं. तीस-चाळीस लाख वर्षांपूर्वीची ही नक्कल. तिचंही काम तेच, मूलपेशीला मूलपेशीच ठेवणं, न्यूरॉन व्हायची घाई करू न देणं. ही जनुकं पहिल्या गुणसूत्रावर जिथे बसली आहेत, तो भाग मोठा नाजूक. तिथला तुकडा गळाला तर डोकं लहान राहू शकतं, जादा झाला तर मोठं होऊ शकतं, आणि स्वमग्नता किंवा स्किझोफ्रेनिया यांचा धोकाही याच भागाशी जोडलेला आढळतो. गरव्याला जोखीम जास्त, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

निअँडरथलच्या तुलनेत आधुनिक माणसाने आणखी थोडा उशीर पत्करलेला दिसतो. पेशी विभागण्याआधी तिची गुणसूत्रं मधोमध एका रांगेत येतात आणि मग दोन बाजूंना ओढली जातात. तीन जनुकांतल्या काही बदलांमुळे आधुनिक माणसाच्या मेंदूच्या मूलपेशी या रांगेत जरा जास्त वेळ थांबतात आणि त्यामुळे गुणसूत्रांची वाटणी करताना त्यांच्या चुका कमी होतात, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं. त्याच वर्षी स्वांते पेबो यांना नोबेल मिळालं. निअँडरथलचा जनुकसंच त्यांनी वाचून दाखवला नसता तर ही तुलनाच करता आली नसती.

न्यूरॉन एकदा झाले की मग तरी घाई होते का? तीही नाही. न्यूरॉनच्या फांद्यांवर बारीक काटे असतात, त्यांवर दुसऱ्या न्यूरॉनचे निरोप उतरतात. एसआरगॅप२ हे जुनं जनुक हे काटे पक्के करतं. सुमारे २४ लाख वर्षांपूर्वी आपल्या वंशात त्याची एक अपुरी प्रत तयार झाली, आणि ही प्रत मूळ प्रथिनाला धरून ठेवते, त्याचं काम मंदावते. २०१२ मध्ये ती उंदरांच्या न्यूरॉनमध्ये घातल्यावर काटे हळूहळू पक्के झाले, पण झाले दाट. माणसाच्या कपाळामागच्या भागात ही काट्यांची भर आणि छाटणी विशीच्या पलीकडेही चालू राहते.

यातला मला सगळ्यात आवडलेला प्रयोग वेगळाच आहे. प्रयोगशाळेत वाढवलेले माणसाचे न्यूरॉन उंदराच्या पिल्लाच्या मेंदूत रोवले. आजूबाजूचे उंदराचे न्यूरॉन काही आठवड्यांत प्रौढ झाले. माणसाचे मात्र महिनोन् महिने आपल्या कूर्मगतीने वाढत राहिले. शेजाऱ्यांचं बघून त्यांनी आपली चाल बदलली नाही. दुसऱ्याच्या खाचरात लावलं म्हणून गरवं वाण हळवं होत नाही, ते आपले दिवस घेतंच.

आणि घाई झाली तर काय होतं, तेही माहीत आहे. एएसपीएम नावाचं जनुक मूलपेशीला बरोबर मधोमध विभागायला मदत करतं, म्हणजे दोन्ही लेकी मूलपेशी राहतात. आई आणि बाप या दोघांकडूनही त्याची बिघडलेली प्रत आली, तर पेशी वेळेआधी न्यूरॉन व्हायला लागतात आणि मूलपेशींचं भांडवलच संपतं. मूल जन्मतःच फार लहान डोक्याचं होतं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अरुण कुमार यांच्या गटाने २००४ मध्ये भारतीय कुटुंबांत एएसपीएममधले असे नवे बिघाड नोंदवले. जवळच्या नात्यात लग्न झालं की एकाच पूर्वजाची बिघडलेली प्रत दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. मामेबहीण ही हक्काची नवरी, ही आपल्याकडची जुनी चाल, तेव्हा ही गोष्ट आपल्यापासून दूरची नाही.

मराठी मुलखातल्या या चालीरीतींचा अभ्यास ज्यांनी शास्त्रीय शिस्तीने मांडला, त्या इरावतीबाई कर्वे. भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९५३ साली निघाला. ‘युगान्त’मुळे त्या घरोघर पोहोचल्या, डेक्कन कॉलेजमधला त्यांचा दरारा अजून सांगतात. पण मेंदूच्या गोष्टीत त्यांचं नाव यायला हवं, ते त्याआधीच्या एका कामासाठी.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या शेवटी, विशीतल्या इरावतीबाई बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करायला गेल्या. कैसर विल्हेल्म संस्थेच्या मानववंशशास्त्र विभागाचे हे प्रमुख. त्यांच्या लिखाणाचा आधार पुढे नाझींनी घेतला. फिशर यांचं म्हणणं असं, की गोऱ्या युरोपियनांची कवटी दोन बाजूंना असमान असते, कारण त्यांच्या मेंदूचा उजवीकडचा पुढचा भाग मोठा, आणि त्यातच त्यांच्या बुद्धीचं रहस्य. इतरांची कवटी सारखी. हे सिद्ध करायचं काम पुण्याहून आलेल्या या मुलीला दिलं. तिच्यापुढे होत्या १४९ कवट्या, त्यांत जर्मन वसाहतींतून आणलेल्याही. तिने त्या एकेक करून मोजल्या, आणि लिहिलं, की असमानता सगळ्यांतच आहे, तिचा वंशाशी काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, परक्या भाषेत, ज्याच्या सहीवर पदवी अवलंबून, त्याच्याच सिद्धांताला नकार. हे करायला काय लागतं, याचा विचार मी अनेकदा करतो. मोजमापावर श्रद्धा लागते, आणि थोडा कोकणस्थी हेकाही.

तो सिद्धांत तेव्हा मेला असं वाटेल, पण अशी भुतं कपडे बदलून येतात. २००५ मध्ये शिकागोच्या ब्रूस लान यांच्या गटाने जाहीर केलं, की मायक्रोसेफॅलिन आणि एएसपीएम या दोन मेंदूच्या जनुकांचे नवे प्रकार अलीकडेच पसरले आहेत, एक सुमारे ३७ हजार वर्षांपूर्वीचा, दुसरा अवघा ५,८०० वर्षांपूर्वीचा. एकाची सांगड त्यांनी माणसाच्या पहिल्या कलेशी घातली, दुसऱ्याची शहरं आणि लिपी यांच्याशी. आणि आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेला हे प्रकार कमी आढळतात, हेही सांगितलं. पुढचं अनुमान काढायला लोक टपलेलेच होते. मग तपासणी झाली. हे प्रकार अंगी असलेल्यांचं डोकं मोठं नव्हतं, बुद्ध्यंक जास्त नव्हता. २००७ मधल्या ज्या निबंधाने बुद्धीचा संबंध नाकारला, त्यावर खुद्द लान यांचंही नाव आहे, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. ‘भाषेचं जनुक’ म्हणून गाजलेल्या फॉक्सपी२ची गतही साधारण अशीच. त्यातले ‘फक्त माणसाचे’ म्हटलेले दोन बदल निअँडरथलमध्येही निघाले, आणि ते आपल्यात अलीकडे झपाट्याने पसरले, हा दावा २०१८ च्या मोठ्या तपासणीत टिकला नाही.

नॉच२एनएल काय, एसआरगॅप२ची अपुरी प्रत काय, माणसाचा मेंदू ज्यांनी माणसाचा केला ती जनुकं बर्लिनच्या प्राध्यापकाकडे होती, त्याच्या कपाटातल्या कवट्यांच्या मालकांकडे होती, आणि मार्गासनीच्या बांधावर बसलेल्या पोरीकडेही आहेत. माणूस म्हणून जन्मलं की हा वाटा ठरलेला. पुढे कुणाला काय जमतं यात असंख्य जनुकांचे बारीक बारीक हात असतात आणि बाकी सगळं ज्या हातांत आपण पडतो त्यांचं.

ती बांधावरची पोर चार वर्षांची असेल. आजी लवकर पिकलेल्या तुकड्यातलं भात कापून मुठी टाकत होती, आणि नात पेंढी बांधू पाहत होती. त्यासाठी भाताच्याच काड्यांना पीळ देऊन बंध करायचा, तो पेंढीखालून घ्यायचा, दोन्ही टोकं आवळून गुंडाळायची आणि टोक आत खुपसायचं. पोरीचा पीळ उलटा पडायचा आणि टोक हातात यायचं.

“आजे, सुटली गं.”

“सुटू दे. परत पीळ दे.”

पुन्हा सुटली. आजीने विळा खाली ठेवला, तिच्या मागे बसली, तिचे हात आपल्या हातांत धरून एकदा पीळ दिला आणि तो उलगडून पुन्हा तिच्या पुढ्यात टाकला. बांधून दिली नाही. तेवढ्यात आजीच्या चार मुठी कापून झाल्या असत्या.

चार-पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू त्याच्या दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी ४० टक्क्यांहून जास्त एकटा खातो, असं २०१४ मधल्या एका अभ्यासात दिसलं. अंगाची वाढ नेमकी याच वयात मंदावते, कारण घास दोन ठिकाणी पुरत नाही. एवढं खाणारं, इतकी वर्षं काही न कमावणारं पिल्लू कुठल्याही एका आईला एकटीने पोसता येणार नाही, असा अमेरिकन संशोधिका सारा हर्डी यांचा मुद्दा आहे. त्यांच्या मते माणसाचं मूल आजी, मावशी, थोरली बहीण, शेजारीण अशा अनेक हातांवर वाढत आलं, आणि वेगवेगळ्या चेहऱ्यांची मर्जी ओळखायची गरज पडल्याने त्याचं डोकं तसं घडलं. मार्मोसेटमध्येही बाप आणि मोठी भावंडं पिल्लं वाहतात, मेंदू मात्र लहानच राहिला. तेव्हा नुसत्या हातांनीही भागत नाही. वाण लागतं आणि खाचरही.

या बाबतीत मला नेहमी कापूरव्होळ आठवतं. भोर तालुक्यातलं हमरस्त्यावरचं गाव. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. आई सईबाईंची तब्येत ढासळली, बाळाला दूध पुरेना, म्हणून कापूरव्होळच्या धाराऊ गाडे यांना आणलं. ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर सईबाई गेल्या. मूल सव्वादोन वर्षांचं. त्या वयात मेंदूतले जोड झपाट्याने उभे राहत असतात. आईचा चेहरा त्याच्या मनात राहिला नसावा. धाराऊचा राहिला, आजी जिजाबाईंचा राहिला. राजगडावर ट्रेकची पोरं बालेकिल्ल्याची तटबंदी, संजीवनी माचीची दुहेरी बांधणी बघतात, फोटो काढतात, आणि ते बरोबरच आहे. पण स्वराज्य दुसऱ्या पिढीपर्यंत पोहोचलं त्यात एका पाटलाच्या घरातल्या बाईच्या दुधाचा वाटा आहे, हे सांगणारा वाटाड्या मला अजून भेटायचाय.

दूध म्हणजे पोषण, आणि त्याबद्दल पुणे जिल्ह्यानेच जगाला काही शिकवलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांची गरोदरपणापासून नोंद ठेवायला सुरुवात केली. जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा ते अजून करत आहेत. मूळ रोख मधुमेहावर होता. पण रक्त तपासलं तेव्हा सुमारे दोनतृतीयांश गरोदर बायांत बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. हे जीवनसत्त्व वनस्पतींत नसतं. दूध, अंडी, मासे, मटण यांतूनच मिळतं. पुढे ही मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांच्यापैकी काहींच्या चाचण्या घेतल्या. आईचं बी-१२ खूप कमी असलेली मुलं लक्ष टिकवण्यात आणि आकडे उलट क्रमाने म्हणून दाखवण्यात मागे पडली. बुद्धीच्या इतर मोजमापांत फरक नव्हता.

हीच मुलं तरुण झाली तेव्हा त्यांच्यातल्या काहींना रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ द्यायला सुरुवात केली, लग्नाआधीपासून. त्या मुलींना झालेली मुलं दोन वर्षांची झाल्यावर, नुसतं बी-१२ घेतलेल्या आयांची मुलं आकलनात आणि भाषेत सरस दिसली. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पाहणी छोटी होती, पण तिचा रोख स्पष्ट आहे. साठ लाख वर्षांत जनुकांनी लांबवत आणलेलं काम शेवटी आईच्या ताटावर येऊन अडतं.

दोन मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण दोन पेले दूध. या पट्ट्यात गोठा नाही असं घर विरळ, आणि पहाटे संकलन केंद्रावर कॅनची रांग लागलेली असते. त्यातलं बहुतेक दूध पुण्याला जातं, घरात उरतं ते चहापुरतं. आणि तो चहाही सुनेला मिळतो सगळ्यांचा घेऊन झाल्यावर, गाळणीतल्या चोथ्यावर पुन्हा पाणी ओतलेला.